दोन देशांचं भांडण, सहा मिनिटांची कुस्ती: इराण, अमेरिका आणि मधला रशिया

(या भागाची ही ट्रान्सक्रिप्ट. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ आणि मागे वाजलेला प्रेशर कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने लिहिलं होतं, की क्रिकेटमधल्या भारत-पाकिस्तानवर तू तासभर बोललास, पण क्रिकेटबाहेर एवढी तेढ कुठल्या खेळात आहे का? आहे. आणि ती मला क्रिकेटपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते. फ्रीस्टाइल कुस्तीतले इराण आणि अमेरिका. या दोघांच्या मध्ये कायम उभा असलेला तिसरा गडी म्हणजे रशिया, आणि त्याआधी सोव्हिएत युनियन.

माझं कुस्तीशी नातं काय, ते आधी सांगून टाकतो. मी कराड तालुक्यातला. माझे चुलते, तात्या, गावच्या तालमीत वस्ताद होते. आठवीपर्यंत मीही पहाटे उठून माती उकरायचो, जोर मारायचो. मग स्कॉलरशिप, मग बारावी, मग बीटेक, मग पुण्यात नोकरी. लंगोट कपाटात गेला तो गेलाच. त्यामुळे मी पैलवान म्हणून बोलत नाहीये. घरात कुस्ती असलेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस म्हणून बोलतोय.

सुरुवात ५ ऑगस्ट २०२१ पासून करतो. टोकियो ऑलिंपिक. वर्क फ्रॉम होमचे दिवस, मी गावी होतो. त्या दिवशी दुपारी आपल्या रवी दहियाची ५७ किलोची फायनल होती, रशियाच्या झौर उगुएवशी. रवी ७-४ ने हरला, रौप्य मिळालं. त्याच दिवशी ८६ किलोत दीपक पुनियाची ब्राँझची कुस्ती होती, तीही शेवटच्या क्षणी गेली. घरातले सगळे हळहळत उठले. मला स्टँडअप कॉल होता, मीही उठणार होतो. तात्या म्हणाले, “थांब रं. दीपकला काल दहा-शून्यानं लोळवणारा त्यो अमेरिकन गडी आता इराणच्या पोराबर हाय. खरी कुस्ती ही हाय.”

तो अमेरिकन गडी म्हणजे डेव्हिड टेलर. इराणचं पोर म्हणजे हसन यझदानी. मी कॉलला जॉइन झालो, म्यूट केलं, कॅमेरा बंद केला आणि टीव्हीकडे बघत बसलो. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा यझदानी ३-२ ने पुढे होता. वीसेक सेकंद उरली असताना टेलर खाली घुसला, पट काढला, ताबा मिळवला. दोन गुण. ४-३. संपलं. यझदानी मॅटवर तसाच बसून राहिला. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि मला कॉलवर कुणीतरी दोनदा नावाने हाक मारली होती, ते मला नंतर कळलं.

आता प्रश्न असा, की कराडजवळच्या एका म्हाताऱ्या वस्तादाला इराणी पैलवान हरल्याचं एवढं का लागावं? याचं अर्धं उत्तर शब्दांत आहे. ‘पैलवान’ हा शब्द फारसीतून आला, पहलवान. ‘कुस्ती’ही फारसीतूनच आली. ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद. आपण तालमीत बसून जे बोलतो त्यातलं निम्मं फारसी आहे. इराणमधल्या जुन्या तालमीला जूरखाना म्हणतात. मधोमध जमिनीत खोल अष्टकोनी जागा असते, तिथे पैलवान उतरतात, लाकडी जड मुदगलं फिरवतात, फळीवर हात टेकून जोर मारतात, आणि वर बसलेला मुर्शद ढोल वाजवत गात असतो. आपल्याकडे मैदानात हलगी कडाडते ना, तसाच अंगात येणारा ठेका. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा वाटलं, ही तर आमचीच तालीम, फक्त फरशी स्वच्छ आहे.

आणि जूरखान्यातून बाहेर पडलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे घुलामरझा तख्ती. तेहरानच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्तीतला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्य, १९५६ ला मेलबर्नमध्ये सुवर्ण, १९६० ला रोममध्ये पुन्हा रौप्य. हेलसिंकी म्हटल्यावर आपले कान टवकारतात, बरोबर? त्याच स्पर्धेत, ५७ किलोत, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांच्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने घेतलं आणि रौप्य सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोव्हने. तख्तीच्या ७९ किलो गटात सुवर्ण सोव्हिएत जॉर्जियाच्या त्सिमाकुरिद्झेचं. सोव्हिएत युनियनचं ते पहिलंच ऑलिंपिक होतं. म्हणजे ज्या मोठ्या यंत्रणेने पुढची चाळीस वर्षं कुस्ती ताब्यात ठेवली, तिच्या पहिल्या फेरीत तख्ती आणि खाशाबा दोघंही सापडले होते. शाळेत खाशाबांचा धडा शिकलो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथे लोकवर्गणीपर्यंत गोष्ट येते आणि संपते.

तख्तीकडे परत येऊ. इराणमध्ये त्याची आठवण पदकांपेक्षा वागण्यासाठी जास्त काढतात. १९६२ मध्ये बुईन झहरा भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा हा माणूस तेहरानच्या रस्त्यांवर स्वतः मदत गोळा करत फिरला. दुसरी गोष्ट अलेक्झांडर मेदवेदची. मेदवेद म्हणजे पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला सोव्हिएत पैलवान. सांगतात की त्याचा एक गुडघा दुखावलेला आहे हे कळल्यावर तख्तीने कुस्तीभर त्या पायाला हात लावला नाही. १९६२ च्या टोलेडोतल्या जागतिक स्पर्धेत मेदवेद पहिला आला, तख्ती दुसरा. तात्यांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, “मग हरला तर काय झालं?” मी म्हटलं, तात्या, तुम्ही आम्हाला तर दुखऱ्या बाजूलाच जा म्हणून शिकवायचात. त्यावर ते हसले आणि विषय बदलला.

जानेवारी १९६८ मध्ये तख्ती तेहरानच्या एका हॉटेलात मृत सापडला. सरकारने आत्महत्या म्हटलं. तो शहाच्या विरोधातल्या राष्ट्रवादी गटाचा होता, त्यामुळे लोकांनी ते कधी पूर्ण मानलं नाही. त्याच्या नावाने तख्ती चषक भरतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

थोडं तांत्रिक बोलू, कारण याशिवाय पुढचं समजणार नाही. देशादेशांत कुस्तीची चुरस दोन प्रकारे मोजली जाते. एक, जागतिक अजिंक्यपद. तिथे प्रत्येक वजनी गटात प्रत्येक देशाचा एक पैलवान, आणि त्याच्या क्रमांकाप्रमाणे देशाला गुण. आजच्या पद्धतीत सुवर्णाला २५, रौप्याला २०, ब्राँझला १५ आणि पुढे उतरत. सगळ्यांची बेरीज म्हणजे टीमचा क्रमांक. दोन, विश्वचषक. तिथे देश विरुद्ध देश, समोरासमोर, वजनानुसार एकामागून एक जोड लागतात आणि जास्त कुस्त्या जिंकेल तो देश विजयी. ऑलिंपिकमध्ये सांघिक किताब नसतोच, आणि पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे गटही फक्त सहा. मला स्वतःला विश्वचषकाची पद्धत जास्त आवडते. जागतिक स्पर्धेत अमेरिका आणि इराण एकमेकांशी एकही कुस्ती न खेळता एकमेकांना हरवू शकतात. विश्वचषकात तसं पळता येत नाही.

कुस्तीतले गुण: पट काढून मागे ताबा मिळवला की दोन, पाठ मॅटकडे वळवली की दोन, उचलून टाकलं तर चार किंवा पाच, रिंगणाबाहेर ढकललं तर एक. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड. दहाची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. दोन्ही खांदे टेकवले की चीतपट, मग गुण कितीही असोत. बरोबरी झाली तर आधी मोठा डाव कुणाचा ते बघतात, मग ताकिदी, आणि तरीही बरोबरी असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो जिंकला. हा शेवटचा नियम यझदानीला एकदा उपयोगी पडलाय. रिओ २०१६, ७४ किलोची फायनल. समोर रशियाचा अनिउअर गेदुएव, डोक्याला पट्टी गुंडाळलेली, त्यातूनही रक्त येतंय. स्कोअर ६-६, आणि सुवर्ण यझदानीला.

सोव्हिएत-अमेरिका प्रकरणावर मी फार थांबत नाही, त्यावर इंग्रजीत ढिगाने माहिती आहे. फक्त दोन गोष्टी. १९७२ ला म्युनिकमध्ये अमेरिकेचा डॅन गेबल ६८ किलोत सुवर्ण जिंकला, आणि सबंध स्पर्धेत त्याने एकही गुण दिला नाही. शून्य. दुसरं, बहिष्काराची वर्षं. १९८० ला मॉस्कोत अमेरिका गेली नाही, तर फ्रीस्टाइलच्या दहापैकी सात सुवर्णं सोव्हिएत युनियनने नेली. १९८४ ला लॉस एंजेलिसला सोव्हिएत आले नाहीत, तर दहापैकी सात अमेरिकेने नेली. सात आणि सात. हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा मी पुन्हा मोजून बघितला. ज्याने घरी बसून टीव्ही पाहिला, त्या पिढीतल्या पैलवानाचं काय झालं असेल? चार वर्षं जोर मारायचे आणि राजधानीत कुणीतरी सही करणार, की तू जायचं नाहीस.

आता १९९८. १९७९ च्या क्रांतीनंतर आणि तेहरानमधल्या वकिलातीच्या ओलीस प्रकरणानंतर अमेरिका-इराण संबंध तुटलेले. जवळजवळ एकोणीस वर्षं अमेरिकेचा एकही संघ इराणमध्ये गेलेला नाही. जानेवारीत इराणचे राष्ट्राध्यक्ष खातमी यांनी अमेरिकन टीव्हीवर मुलाखत देऊन दोन्ही देशांच्या लोकांनी एकमेकांकडे जावं-यावं असं सुचवलं. आणि फेब्रुवारीत पहिलं कोण गेलं? फुटबॉलवाले नाही, प्राध्यापक नाही. पाच पैलवान आणि त्यांचे कोच. स्पर्धा कुठली? तख्ती चषक.

तेहरानच्या हॉलमध्ये हजारो लोक. अमेरिकेचा झेंडा आत आला. त्याच शहरातल्या भिंतींवर अमेरिकेच्या विरोधातली चित्रं रंगवलेली होती. आणि हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुसत्या सभ्यतेच्या नाही, मनापासून. कारण त्यांना ही माणसं माहीत होती. झीक जोन्स, केव्हिन जॅक्सन ही नावं इराणमधल्या कुस्तीवेड्या माणसाला पाठ असतात, जशी आपल्याकडे हिंदकेसरींची यादी पाठ असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक अजिंक्यपदही तेहरानलाच झालं. इराणने सांघिक किताब जिंकला, आणि ५४ किलोत अमेरिकेच्या सॅमी हेन्सनने सुवर्ण. मधल्या जूनमध्ये फुटबॉल विश्वचषकात लियोंला इराणने अमेरिकेला २-१ हरवलं, तो सामना सगळ्यांना आठवतो. त्याच्याआधी चार महिने मॅटवर काय झालं ते फार कमी जणांना आठवतं. हे मला जरा अन्यायाचं वाटतं, पण मी कुस्तीवाला आहे, मला वाटणारच.

मग २०१३. इथे गंमत अशी, की दोन्ही देशांचा शत्रू एकच निघाला. १२ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने शिफारस केली, की २०२० च्या ऑलिंपिकमधून कुस्ती काढा. कारणं अनेक होती, पण एक कारण कुस्तीवाल्यांनी स्वतःच तयार केलं होतं. तेव्हाचे नियम इतके विचित्र होते की राउंड शून्य-शून्य सुटला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे आणि ज्याचा रंग येईल त्याला समोरच्याचा पाय धरायला मिळायचा. चार वर्षांची मेहनत आणि शेवटी सोडत! आमच्या क्षेत्रात याला चुकीचं स्पेसिफिकेशन म्हणतात. कोड कितीही चांगला लिहा, उत्तर चूकच येणार.

तर मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात मॅट टाकला गेला. हो, रेल्वे स्टेशनात. बाजूने लोक लोकल पकडायला धावतायत, आणि आत अमेरिका विरुद्ध इराण, अमेरिका विरुद्ध रशिया. इराणने अमेरिकेला ६-१ हरवलं. त्या संध्याकाळी स्कोअर कुणी फार मनावर घेतला नसावा. तीन देश, ज्यांची सरकारं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एकत्र उभे राहून सांगत होते की आम्हाला भांडायला जागा ठेवा. महासंघाचा अध्यक्ष बदलला, चेंडूंची पिशवी गेली, राउंडचे गुण एकत्र मोजायला लागले, ताब्याचे दोन गुण झाले. ८ सप्टेंबरला ब्युनोस आयर्समध्ये मतदान झालं आणि ४९ मतांनी कुस्ती परत आली. बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४, स्क्वॉशला २२.

सगळ्यात तणावाचा प्रसंग मात्र २०१७ चा. विश्वचषक इराणमध्ये, कर्मानशाहला, फेब्रुवारी १६ आणि १७. जानेवारी २७ ला ट्रम्प यांनी आदेश काढला, इराणसह सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी. फेब्रुवारी ३ ला इराणने उत्तर दिलं: तुमच्या पैलवानांनाही व्हिसा नाही. झालं, संपला विषय असं वाटलं. मग अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने आदेशाला स्थगिती दिली, आणि फेब्रुवारी ५ ला इराणने व्हिसा द्यायचं मान्य केलं. स्पर्धेला अकरा दिवस! या मधल्या दिवसांत अमेरिकन टीमचं वजन उतरवणं चालू असणार, हे लक्षात घ्या. जायचं की नाही हे माहीत नाही, पण जेवायचं मात्र नाही.

गेले. आणि कर्मानशाहमध्ये जॉर्डन बरोजचं जे स्वागत झालं ते व्हिडिओ शोधून बघाच. हा तोच बरोज, ज्याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या फायनलमध्ये इराणच्या सादेग गुदर्झीला हरवून सुवर्ण नेलं होतं. २०११ च्या जागतिक फायनलमध्येही त्यालाच हरवलं होतं. आणि लोक त्याच्याभोवती फोटोसाठी गर्दी करतायत, त्याचं नाव घेऊन ओरडतायत. फायनल पुन्हा अमेरिका-इराण. इराण ५-३ ने जिंकलं, सलग सहावा विश्वचषक. पण त्याच हॉलमध्ये, घरच्या लोकांसमोर, यझदानीला डेव्हिड टेलरने चीतपट केलं. टोकियोतल्या त्या वीस सेकंदांची गोष्ट तिथून सुरू झाली होती.

हे दोघं एकूण सहा वेळा मोठ्या स्पर्धांत भिडले. २०१७ कर्मानशाह, टेलर. २०१८ बुडापेस्टला पहिल्याच फेरीत, टेलर ११-६. टोकियो, टेलर ४-३. दोनच महिन्यांनी ऑस्लोची जागतिक फायनल, आणि शेवटी यझदानी, ६-२. २०२२ बेलग्रेड, टेलर ७-१. २०२३ बेलग्रेड, टेलर, चीतपट. पाच-एक. आकड्यांवरून ही काही चुरस वाटत नाही, माहितीये. पण लक्षात घ्या, या काळात जगात दुसरं कुणी यझदानीला क्वचितच हात लावू शकत होतं. तो यायचा, बाकी सगळ्यांना दहा-शून्यने उडवायचा आणि फायनलला समोर हाच माणूस. माझा एक मित्र म्हणतो, हे फेडरर-नदालचं क्लेवरचं प्रकरण आहे. असेल.

टेलर यझदानीला का जड जायचा? मला कळलेलं सांगतो, तज्ज्ञ असतील त्यांनी दुरुस्त करा. यझदानी माझंदरानमधल्या जुयबारचा. त्याची कुस्ती म्हणजे मानेवर हात, काखेत हात, ढकलत नेणं, समोरच्याला सहा मिनिटं श्वासच घेऊ न देणं. टेलर अमेरिकन कॉलेज कुस्तीतून आलेला, पेन स्टेट विद्यापीठाचा. तिकडे कॉलेजात जी कुस्ती खेळतात तिला फोकस्टाइल म्हणतात. त्यात नुसतं पाठ दाखवून गुण मिळत नाहीत, वर बसून दाबून ठेवण्याला किंमत आहे, आणि खालच्याने निसटण्यालाही. सात मिनिटांची लढत. त्यामुळे अमेरिकन पोरं दमाला पक्की आणि पटाला जलद. यझदानी ढकलत पुढे यायचा, तेवढ्यात टेलर त्याच्या हाताखालून पायाशी. समोरच्याचा जोर त्याच्याच विरुद्ध. तात्यांचं निदान तीन शब्दांत होतं: “उभा लई राहतो.” म्हणजे कंबर वर.

पण फोकस्टाइलमुळे अमेरिकेचा एक तोटाही होतो, आणि तो आपल्याला चांगला समजेल. तिकडचा पोरगा वर्षातले बरेच महिने एक कुस्ती खेळतो आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी दुसरी शिकतो. आपल्याकडे माती आणि गादी. मातीत पोरगा वाढतो, घिस्सा, ढाक, कलाजंग शिकतो, जत्रेत इनाम घेतो, आणि मग त्याला गादीवर आणून सांगायचं, की इथे सहा मिनिटांत खेळ आहे, बाहेर पाय गेला तर गुण जातो. तात्या स्वतः कधी गादीवर रुळले नाहीत. अमेरिकेने ही अडचण पैशाने आणि विद्यापीठांनी सोडवली. आपण अजून सोडवतोय. बीडच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ जिंकलं, आणि ते अमेरिकेच्याच टायलर ग्राफला ११-४ हरवून, हे इथे मुद्दाम सांगतो.

रशियाचं वेगळंच. तिथली फ्रीस्टाइल म्हणजे मुख्यतः कॉकेशसचा डोंगराळ भाग: दागिस्तान, ओसेतिया, चेचन्या. अब्दुलरशीद सादुलाएव दागिस्तानचा. २०१७ ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत शेवटची कुस्ती ९७ किलोची, सादुलाएव विरुद्ध अमेरिकेचा काइल स्नायडर. दोघंही रिओचे सुवर्णविजेते, वेगवेगळ्या वजनांत. आणि सांघिक गुणांत अशी गोम, की जो जिंकेल त्याचा देश जगज्जेता. तेव्हाची गुणपद्धत वेगळी, छोट्या आकड्यांची होती. स्नायडर मागे होता, शेवटच्या काही सेकंदांत पट मिळाला, ६-५. अमेरिका ५४, रशिया ५३. १९९५ नंतर अमेरिकेचा पहिला सांघिक किताब. पुढच्या वर्षी सादुलाएवने त्याला पहिल्याच राउंडमध्ये चीत केलं, मग टोकियोच्या फायनलला हरवलं, मग ऑस्लोला ६-०. पॅरिसची ती एक कुस्ती सोडली तर स्नायडरकडे दाखवायला काही नाही. पण ती एक आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला रशियाचे पैलवान नव्हते, युद्धामुळे. तर आता अमेरिका आणि इराणने सुवर्णं वाटून घ्यायला हवी होती, नाही का? पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये दोघांनाही एकही सुवर्ण मिळालं नाही. इराणची तीन रौप्यं. दोन सुवर्णं जपानला, एक जॉर्जियाला. आणि उरलेली तीन? उझबेकिस्तान, बल्गेरिया, बहारीन. या तिन्ही देशांचे विजेते मूळ दागिस्तानचे. रशिया नव्हता तरी रशियाची तालीम होतीच. यझदानी पुन्हा फायनलला गेला. टेलर त्यात नव्हता, अमेरिकेच्या निवड चाचणीतच ॲरन ब्रूक्सकडून हरला होता. पण यझदानीचा खांदा निखळला आणि तो दागिस्तानमधून बल्गेरियाला गेलेल्या रमझानोव्हकडून हरला. एका हाताने खेळत होता जवळजवळ. तात्यांनी टीव्ही बंद केला.

एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा भाग फार गोड होईल. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोलंडला २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत इराणचा अलीरेझा करीमी रशियन पैलवानाविरुद्ध पुढे होता. जिंकला असता तर पुढच्या फेरीत समोर इस्रायली पैलवान आला असता, आणि इराण सरकार आपल्या खेळाडूंना इस्रायलशी खेळू देत नाही. मॅटच्या कडेवरून कोच ओरडला: हर, अलीरेझा. आणि तो हरला. ठरवून पाठ दिली, १४-३. नंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर आणि कोचवर बंदी घातली. कर्मानशाहला बरोजसाठी टाळ्या वाजवणारा देश आणि हा देश एकच, वर्षही एकच. १९९८ चं कौतुक करताना मी हे विसरू शकत नाही. व्हिसा देणारं सरकार व्हिसा अडवतं, आणि कधी कधी पोराला पाठही टेकवायला लावतं. आपल्याकडेही पैलवान जंतरमंतरवर बसलेले आपण २०२३ मध्ये पाहिलेत, त्यामुळे फार वरून बोलायला नको.

शेवटचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. तीन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, झाग्रेबला जागतिक अजिंक्यपद झालं. फ्रीस्टाइलमध्ये इराण पहिला, २०१३ नंतर प्रथमच. अमेरिका दुसरी. ६५ किलोत रहमान अमूझाद आणि १२५ किलोत अमीरहुसेन झारे, दोघांनी सुवर्ण. हे दोघंही पॅरिसला फायनलमध्ये हरले होते.

मी पुण्यातून तात्यांना फोन केला. म्हटलं, तात्या, इराण जिंकलं. ते म्हणाले, “आपला यझदानी खेळला का?” मी त्यांना म्हणालो, तात्या, तो आपला कधीपासून झाला? त्यावर त्यांनी खांद्याचं काय झालं ते विचारलं, आणि मग घरच्या म्हशीबद्दल बोलायला लागले.

पुढच्या भागात जपानच्या महिला कुस्तीबद्दल बोलू. प्रश्न असतील तर पाठवा, व्हॉइस नोट तीन मिनिटांच्या आत ठेवा प्लीज.